उताऱ्यावर तिचं नाव लागू दे

सिद्धरामा, आज तुझ्यापुढे हात जोडते ते तुझ्या सोलापुरातल्या बायकांसाठी आणि त्यांच्या लेकरांसाठी. मागणं मोठं आहे, आणि त्यातलं बरंचसं कागदपत्रांचं आहे. देवाच्या पायाशी बसून दाखले, उतारे, पासबुकं यांची नावं घ्यावीत का, असं एखाद्याला वाटेल. पण तू तळं खोदणारा. बाराव्या शतकात, या गावाला सोन्नलगी म्हणत तेव्हा, लोकांना पाणी मिळावं म्हणून तू भक्तांना बरोबर घेऊन माती उपसलीस. शरण अल्लमप्रभू तुझ्याकडे आले तेव्हाही इथे खोदकाम चालू होतं असं सांगतात. मातीच्या पाटीत ज्याला पूजा दिसली, त्याला सरकारी अर्जाचा कागद परका वाटायचा नाही, या भरवशावर बोलते आहे.

अल्लमप्रभूंच्या त्या भेटीनंतर तू कल्याणला गेलास. तिथल्या बसवण्णांच्या अनुभवमंटपात अक्कमहादेवी भर सभेत उभी राहून अल्लमप्रभूंच्या प्रश्नांना उत्तरं देत होती. तिथे बाईला बोलायला कुणाची परवानगी लागत नव्हती. तुझ्या कन्नड वचनांमध्ये तर तू स्त्रीला तुझ्या मल्लिकार्जुनाचंच रूप मानलंस. ते वचन आम्ही कौतुकानं सांगतो, तुझ्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांसमोर ‘हर्र बोला हर्र’ म्हणताना घसा बसेपर्यंत ओरडतो. घरी आलो की मात्र बहिणीच्या हिश्श्याचा विषय निघू नये म्हणून बघतो. तुझं वचन आमच्या घरांत उतरू दे, एवढ्यासाठी ही प्रार्थना.

आधी तुला पूर्व भागात घेऊन जाते. अशोक चौकाच्या पुढे, दत्तनगर, साईबाबा चौक, तिकडे विडी घरकुलापर्यंत. या गल्ल्यांमधल्या तेलुगू बोलणाऱ्या अम्मा आणि अक्का मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याशी बसतात. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापानं कातरायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हजार विड्या झाल्या की त्या हजाराचा दर मिळणार. कारखान्यात माल तपासताना जी छाट निघते तिचे पैसे मिळत नाहीत. एकेक करून गिरण्यांचे भोंगे थांबले, जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, आणि ज्या घरांतला पुरुषाचा पगार बंद झाला त्यातली किती तरी घरं या सुपांवर चालली. तंबाखूची धूळ त्यांच्या छातीत गेली, वाकून वाकून पाठी गेल्या. धोका आम्हाला ठाऊक आहे. ही विडी कुणी ओढू नये असंही मनापासून वाटतं. पण जी बाई आज ती वळून पोराच्या वह्या आणते, तिच्या हातात दुसरं काम येईपर्यंत तिच्याशी नीतीच्या गोष्टी बोलण्याचा हक्क आम्हाला नाही. तिला दुसरं काम दे, सिद्धरामा. त्याआधी तिचं आजचं काम बंद पाडू नकोस.

या बायकांसाठी कायदे झाले, त्याबद्दल तुझे आभार मानते. १९६६ चा विडी कामगार कायदा झाला. १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा आला, विड्यांवरच्या उपकरातून कामगारांसाठी दवाखाने, घरासाठी साहाय्य आणि मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. योजना राहिल्या, पण विडीतून थेट येणारा झरा आटला. आता सरकारनं अर्थसंकल्पात ठेवलं तर आहे. ज्यांच्या हातात ती तरतूद आहे, त्यांना त्या आकड्यामागची पोरं दिसू देत. पहिलीतल्या पोरीचे वर्षाचे थोडेसे रुपये कुणाला किरकोळ वाटतील. इथे त्या पैशांवर पोरीचं दप्तर येतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘हिचे पैसे शाळेत गेल्यावर येतात’ हे घरातल्या मोठ्यांना कळतं.

मी शिष्यवृत्तीचे हे अर्ज भरून देते, म्हणून ते कुठे अडतात हे मला माहीत आहे. ते नावावर अडतात. एकाच बाईचं नाव शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि विडी कार्डावर लिहिणाऱ्यानं ऐकलं तसं. तेलुगू आडनाव मराठीत एका तऱ्हेनं लिहिलेलं असतं, इंग्रजीत तीन तऱ्हांनी. एक अक्षर कमी-जास्त झालं की संगणक म्हणतो ही ती नव्हे. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव बदला, बँकेत जा, पुन्हा रांगेला उभे राहा. प्रत्येक खेपेला तिची पाचशे-सातशे विडी बुडते. वर्षानुवर्षं पान आणि दोरा हाताळून बोटांच्या रेषा पुसट होतात, अंगठा यंत्रावर टेकवला की यंत्र नकार देतं. हात पुसून पुन्हा लाव, असं तिला सांगतात. ती पदरानं बोट पुसते आणि पुन्हा लावते.

तिचं नाव सगळीकडे एकसारखं लागू दे, देवा. हे मागणं तुझ्या पायाशी आणण्याइतकं मोठं आहे, कारण कायद्यानं बाईला जे जे दिलं ते सगळं तिच्या नावावर दिलं आहे, आणि नाव जुळलं नाही तर दिलेलं परत जातं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या नावात महाराष्ट्रात आता आईचं नाव आधी लागतं, मग वडिलांचं. त्या दिवसापासून जन्मून रुग्णालयातून घरी गेलेल्या बाळांच्या कागदांवर त्यांच्या आया कायमच्या नोंदल्या गेल्या. याचं मोल आज त्या बाळांना कळणार नाही. पुढे कधी नवऱ्यानं घराबाहेर काढलेली एखादी आई पोराला शाळेत घालायला एकटी जाईल, आणि तिला कुणी तिचं पोराशी नातं काय असं विचारणार नाही. त्यासाठी ज्यांनी हा निर्णय घ्यायला लावला त्या साऱ्यांचं भलं कर.

कुंभारीच्या माळाकडे बघ. तिथे २००६ मध्ये विडी वळणाऱ्या बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. कायदा शिकून वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिलेल्या गोदूताई परुळेकरांचं नाव तिला दिलं. त्यामागे कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि लाल बावट्याखाली चालत राहिलेल्या हजारो बायकांची वर्षानुवर्षांची पायपीट आहे. पुढे त्याच परिसरात रे नगर झालं, १९ जानेवारी २०२४ ला तिथली पंधरा हजार घरं लोकांच्या ताब्यात गेली. यंत्रमागावरचे, कचरा वेचणारे, विडी वळणारे लोक तिथे राहायला आले. सरकारचं अनुदान, बायकांची पै पै बचत आणि संघटनेची चिकाटी, तिन्ही एकत्र आलं तेव्हा भिंती उठल्या. मदत म्हणतात ती मला अशी हवी आहे. वरून कुणी टाकलेली आणि खाली कुणी झेललेली नको. तिनंही त्यात आपला पैसा, आपला दिवस, आपलं भांडण घातलेलं असावं. भाड्याच्या खोलीत बाईला रात्री ‘नीघ’ म्हणता येतं. तिचं नाव असलेल्या घरात ते म्हणताना माणूस थबकतो. तशी घरं अजून हवी आहेत. आणि तिथून शाळेत जाणाऱ्या पोरींना शहरापर्यंत वेळेवर बस हवी आहे. दहावीनंतर पोरीची शाळा लांब पडली की पहिला प्रश्न येतो, एवढ्या लांब पाठवायची कशाला.

आता जे सांगते ते सांगताना जीभ अडखळते, कारण ते आपल्याच माणसांविषयी आहे. हक्कसोड. वडील गेल्यावर वारस लावताना गावोगावचे भाऊ बहिणींना सह्या करायला बोलावतात. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हिस्सा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर लागू झाला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात असोत की नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. इतका लख्ख निकाल. तरी बार्शीला जा, माढ्याला जा, मंगळवेढ्याला जा, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर बहिणी बसलेल्या दिसतात. नवं लुगडं नेसून आलेल्या असतात. भावानं गाडी करून आणलेलं असतं, जेवायला घातलेलं असतं. आत जाऊन त्या अंगठा देतात आणि बाहेर येतात त्या आपला सगळा हिस्सा सोडून.

त्या मूर्ख नाहीत. त्यांना माहीत आहे काय सोडलं. हिस्सा मागितला तर भाऊबीज तुटेल, बाळंतपणाला माहेर उरणार नाही, नवऱ्यानं मारलं तर कुठे जायचं, हा हिशेब त्यांनी केलेला असतो. कायद्यानं त्यांना जमीन दिली, पण माहेराची हमी कोण देणार? ते तुझ्याच हातात आहे. म्हणून बहिणींसाठी मागण्याआधी मी भावांसाठी मागते. त्यांच्या मनात एवढं येऊ दे की एका आईच्या पोटी आपण जन्मलो, एका विहिरीचं पाणी प्यालो, तिचा वाटा ठेवून घेतला तर तो आपल्या पोटाला लागणार नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा कितीतरी गावांतल्या शेतकऱ्यांनी स्वतःहून बायकोच्या नावावर जमीन करून दिली होती. ती माणसं आभाळातून पडली नव्हती. कोरडवाहू रानात राबणारे, कर्जात असलेले, साधे शेतकरी होते ते. तसं मन पुन्हा या जिल्ह्यात जागव. हक्कसोडीचा कागद करायला आलेल्या भावाला तिथल्या लेखनिकानंच हळू आवाजात एकदा विचारावं, ‘ताईंना नक्की द्यायचं नाही का?’ असं काही तरी घडव. आणि ज्या बहिणीनं नाही म्हटलं तिच्या पाठीशी गावातल्या चार बायका उभ्या कर. तिला माहेर उरलं नाही तर त्या तिचं माहेर होवोत.

आता लेकींचं बोलते.

संक्रांतीच्या जत्रेत संमती कट्ट्यावर तुझा अक्षता सोहळा होतो. बाराबंदी घातलेले मानकरी येतात, सातही नंदीध्वज येतात, संमती वचनं म्हटली जातात आणि लाखो हातांतून अक्षता पडतात. ते लग्न कुणाचं, हे सोलापूरचं शेंबडं पोरही सांगतं. एका कुंभाराची लेक तुझ्या अंगणात रोज सडा-रांगोळी करायची. तिनं तुझ्याशी लग्नाची इच्छा धरली. तू योगी. तू तिला हसला नाहीस, हाकललं नाहीस. माझ्या योगदंडाशी लग्न लाव, म्हणालास. या कथेत मला नेहमी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे लग्नाचं ती स्वतः बोलली होती. तिच्या वतीनं तिचा बाप बोलला नव्हता, मामा बोलला नव्हता, मध्यस्थ बोलला नव्हता. आठशे वर्षं आम्ही ज्या लग्नाच्या अक्षता टाकतो, ते मुलीनं स्वतःच्या तोंडानं मागितलेलं लग्न आहे. मग त्याच जिल्ह्यात नववीतल्या पोरीला न विचारता तिच्या डोक्यावर अक्षता पडतात, त्या तू कशा बघतोस?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी शंभरात जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. कायदा जुना आहे. १९२९ चा सारडा कायदा आपल्या आजीपणजीच्या वेळचा. २००६ च्या कायद्यानं मुलीला एवढंही दिलं की लहानपणी लावलेलं लग्न ती वीस वर्षांची होईपर्यंत न्यायालयात जाऊन रद्द करून घेऊ शकते. कितीजणींना हे कुणी सांगितलं? गावात ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला त्याच गावात राहायचं असतं, त्याच सरपंचाबरोबर काम करायचं असतं. त्याला धीर दे. १०९८ वर फोन करणाऱ्या शेजारणीचं नाव गुप्त राहू दे. फोन बहुतेक वेळा हळदीच्या रात्री येतो, तेव्हा पोलीस ठाण्यातली गाडी रिकामी असू दे.

एक सांगू का, देवा, मांडव थांबवणं हे एका संध्याकाळचं काम आहे. त्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो. मला काळजी असते ती दुसऱ्या दिवशीची. बालकल्याण समितीपुढे बापानं लिहून दिलं, अठरा होईपर्यंत लग्न करणार नाही. पोरगी घरी आली. घर तिच्याकडे बघून तोंड फिरवतं, कारण तिच्यामुळे जेवणाचे पैसे बुडाले, भावकीत नाक कापलं गेलं. वर्गातल्या पोरी कुजबुजतात. ती शाळेत जायला लाजते. सहा महिन्यांनी गुपचूप, कर्नाटकच्या हद्दीतल्या एखाद्या पाहुण्याच्या गावी लग्न लागून जातं, आणि यावेळी कुणी फोन करत नाही. त्या सहा महिन्यांत तिच्याजवळ कुणीतरी हवं. तिच्या वसतिगृहाचा खर्च उचलणारं, तिच्या आईला धरून बसणारं, बापाची समजूत घालणारं, परीक्षेचा अर्ज भरणारं. या कामाला फोटो नसतो, म्हणून त्याला पैसाही कमी मिळतो. दान करणाऱ्यांच्या मनात हे घाल, सिद्धरामा.

आमच्या कायद्यात एक फट आहे. शिक्षणाचा हक्क १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो सहा ते चौदा वर्षांपर्यंत. लग्नाची मुभा अठराला. चौदा ते अठरा या चार वर्षांत पोरीचा हात धरून तिला शाळेत ठेवायला सक्तीचा असा कोणताच कायदा नाही. नेमक्या ह्याच चार वर्षांत ती हातची जाते. सुपाशी बसते, कुणाच्या तरी घरी धुणीभांडी करते, लग्न होऊन जाते. एसटीचा मोफत पास आहे, त्याबद्दल कृतज्ञ आहे. पासाला गाडीही लागते, आणि अक्कलकोट तालुक्यातल्या, दक्षिण सोलापुरातल्या कितीतरी गावांना संध्याकाळची गाडी वेळेत येत नाही. १९९२ पासून मागास वर्गांतल्या गरीब मुलींना पहिली ते चौथीत हजेरीमागे रोज एक रुपया भत्ता ठरला. त्या वेळच्या एका रुपयाला मान होता. तीस वर्षं उलटली तरी तो रुपयाच राहिला. ज्यांनी तो सुरू केला त्यांची दानत खरी होती. जे आज आहेत त्यांना तो रुपया एकदा हातात धरून बघायची बुद्धी दे.

रखमाबाई तुला आठवतात ना? मुंबईच्या. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या. नवऱ्यानं नांदायला यावं म्हणून दावा लावला, १८८७ मध्ये न्यायालय म्हणालं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. इथल्या आणि इंग्लंडमधल्या लोकांनी त्यांच्या खटल्यासाठी आणि पुढे शिक्षणासाठी पैसा उभा केला. दुसऱ्या वर्षी दोन हजार रुपयांवर दाव्याची तडजोड झाली. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत-राजकोटच्या दवाखान्यांत आयुष्यभर बायकांची बाळंतपणं केली. नकार त्यांचा होता, धाडस त्यांचं होतं, लोकांच्या पैशानं एवढंच केलं की त्या नकाराची किंमत त्यांना एकटीला मोजावी लागली नाही. माझ्या ओळखीच्या पोरींमध्येही नकार आहे. ‘मला नाही करायचं’ असं त्या आईच्या कानात म्हणतात. त्या आईच्या कानाजवळ तू उभा राहा.

ऊसतोड सुरू झाली की माळशिरस, पंढरपूर, माढ्याच्या फडांत टोळ्या उतरतात. मुकादमानं उचल दिलेली असते ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. म्हणून पोराचं लग्न लवकर, म्हणून सून कोवळी. पाचटाच्या कोप्यांमध्ये धाकट्याला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची बहीण दिसते. तिचं नाव गावच्या शाळेच्या पटावर असतं. तिला फडाजवळच्या शाळेत बसू दे, तिच्या गावाला हंगामी वसतिगृह मिळू दे, आणि तिथे तिच्या पोटाला वेळेवर भाकरी.

तुझ्या जिल्ह्यात चांगुलपणाची बीजं कमी नाहीत, हेही बोलून दाखवते. १८७५ च्या सुमारास पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर नावाचे न्यायाधीश होते. फसवून टाकून दिलेल्या विधवांचं आणि तान्ह्या पोरांना वाळवंटात सोडलं म्हणून न्यायपीठासमोर आणलेल्या आयांचं दुःख त्यांच्या काळात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी प्रार्थना समाजाच्या मदतीनं तिथे अर्भकांसाठी आणि निराधार बायकांसाठी आसरा उभा केला, तोच पुढे नवरंगे बालकाश्रम. दोषी ठरवायला बसलेला माणूस खुर्चीवरून उठून पाळणा बांधायला गेला. सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहांनी श्राविका संस्थेत निराधार आणि विधवा बायकांना शिकवून शिक्षिका केलं. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी आले तेव्हा शाळेची खोली गोठ्याला लागून होती. त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, मुलींच्या घरांचे उंबरे झिजवले. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडेंनी स्वतःच्या मृत्यूनंतर पत्नीचं कुंकू पुसू नये, मंगळसूत्र तोडू नये, असं प्रतिज्ञापत्र करून ठेवलं. त्यांच्या आग्रहातून ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पंधरवड्यात राज्य सरकारचं परिपत्रक निघालं. आपल्या मरणाचा विचार करताना ज्याला बायकोच्या कपाळाची आठवण झाली, त्या माणसाला तू नक्की ओळखतोस.

अशी माणसं वाढव. मदत देणाऱ्या हातांत नम्रता दे. वह्या वाटताना पोरीला रांगेत उभं करून तिची गरिबी सगळ्यांना दाखवावी लागू नये. पुण्या-मुंबईहून, परदेशातून पैसा पाठवणाऱ्या सोलापूरकरांना सुचव की इमारतीवर आपल्या आईचं नाव घालण्याआधी एखाद्या मुलीचं बारावीपर्यंतचं भाडं द्यावं. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस याच गावचे, १९३८ मध्ये चीनच्या जखमींच्या मदतीला गेले आणि तिथेच वारले. परक्यांसाठी एवढं करणाऱ्या गावाला आपल्या गल्लीतली पोरगी जड होऊ नये. आणि संस्थांना एवढं दे की तीन वर्षांचा निधी संपला म्हणून अर्ध्यातून उठून जाऊ नये, गेलंच तर मागे गावातली दोन माणसं शिकवून जावं.

वकिलांसाठीही मागते. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की बाईला आणि लहान मुलाला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. ९ नोव्हेंबर १९९५ पासून हा कायदा लागू आहे. तरी मंगळसूत्र गहाण टाकून वकिलाची फी भरणारी बाई मला आजही भेटते. हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, ज्या भाषेत ती रडते त्या भाषेत हे तिला सांगणारं माणूस प्रत्येक पोलीस ठाण्यात, प्रत्येक अंगणवाडीत बसव. फुकट मिळालेला वकील तिचं प्रकरण फुकटचं समजू नये. ती घरगुती हिंसाचाराचा अर्ज देते तेव्हा टेबलामागचा माणूस ‘बाई, जुळवून घ्या’ असं म्हणण्याआधी तिच्या हातावरचे वळ बघू दे. पोटगीचा हुकूम होतो, पैसे येत नाहीत, मग वसुलीचा वेगळा अर्ज, वेगळ्या तारखा. तोवर पोरगं पहिलीतून तिसरीत जातं. हुकूम आणि पैसा यांतलं अंतर कमी कर.

येत्या गुरुवारी जिल्हा न्यायालयात एका बाईची तारीख आहे. तिचं नाव तुला माहीत आहे, मी लिहीत नाही. मागच्या दोन्ही वेळी समोरच्यांनी मुदत मागून घेतली. ती अक्कलकोटच्या बाजूनं पहिल्या गाडीनं येणार, लेकीची चाचणी आहे म्हणून तिला शेजारणीकडे ठेवून. तिच्याजवळ लग्नाचा दाखला, बँकेचं पासबुक आणि सासऱ्यांच्या शेताचा उतारा आहे, नावं एकदा तपासून घेतली आहेत. गाडी वेळेवर येऊ दे. समोरचा हजर राहू दे. तिचा पुकारा जेवणाच्या सुट्टीआधी होऊ दे, म्हणजे लेक शाळेतून यायच्या आत ती घरी पोहोचेल.